रांगोळीला हात दुखत नाही, व्यायामाला मात्र दुखतो

एका तालुक्याच्या गावाहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी १० वर्षांची असून पाचवीत शिकते. दोन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मनगटे, गुडघे आणि एक घोटा सुजू लागला आणि पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी ‘ज्युवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, म्हणजे मुलांमधला दीर्घकाळ चालणारा संधिवात, असे निदान केले. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट या संधिवात आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन, दिवसातून दोनदा २० मिनिटांचे व्यायाम आणि दर तीन महिन्यांनी एसटीने पुण्याची फेरी, असा त्यांचा क्रम आहे. मागच्या फेरीत फिजिओथेरपिस्टने मुलीची प्रेरणा मोजण्यासाठी एक प्रश्नावली दिली. आईने भरलेल्या प्रतीची सरासरी ५ पैकी २.४ आली, वर्गशिक्षिकेच्या प्रतीची ३.६ आणि मुलीने स्वतः भरलेल्या प्रतीची ३.९. आई लिहितात: ‘सकाळी व्यायामाचे नाव काढले की ती पांघरूण डोक्यावरून ओढून घेते. दिवाळीत मात्र तीन तास बसून दारापुढे रांगोळी काढली. सासूबाई म्हणतात, दुखण्याचे भांडवल करते आहे. रांगोळीला हात दुखत नाही, व्यायामाला मात्र दुखतो. मला तसे म्हणवत नाही, पण शंका येते. तिघींपैकी खरा आकडा कोणाचा? माझ्या मुलीत जिद्दच कमी आहे का? आणि हे आकडे मी तिला दाखवावेत का?’

प्रिय ताई,

रांगोळीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या घरात जो प्रसंग मुलीच्या विरुद्ध पुरावा म्हणून सांगितला जातो, तोच मला तिच्या बाजूने बोलणारा वाटतो. रांगोळीची चिमूट धरायची तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून ठेवावी लागतात, रेघ न तुटता यावी म्हणून मनगट तोलून धरावे लागते, आणि हे सगळे उकिडवे किंवा मांडी घालून, म्हणजे गुडघे पूर्ण दुमडून करावे लागते. तुमच्या मुलीचे नेमके हेच सांधे आजारी आहेत, तरीही ती तीन तास बसली. त्या तीन तासांत ती किती वेळा उठून उभी राहिली, पाय लांब पसरून बसली होती का, मध्येच डाव्या हाताने रंग भरू लागली का, हे जरा आठवून पाहा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दात घासायचा ब्रश नीट धरता आला होता का, हेही आठवा. तो धरता आला नसेल, तर आपल्याला हवी असलेली गोष्ट पुरी करण्यासाठी तिने मनगटाने किंमत मोजली आणि त्याबद्दल घरात कोणाजवळ चकार शब्द काढला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

रांगोळीला हात दुखला नाही म्हणून व्यायामाचे दुखणे खोटे, हा निष्कर्ष ऐकायला सरळ वाटतो, पण दुखण्याचा स्वभाव तसा नसतो. मन एखाद्या कामात गुंतले की तीच वेदना कमी जाणवते. मज्जासंस्थेचे कामच तसे चालते आणि हे तुमच्याआमच्या बाबतीतही खरे आहे. व्यायामात मात्र सगळे लक्ष दुखऱ्या सांध्यावरच नेऊन ठेवावे लागते. त्यात वेळेचा फरक आहे. या आजारात रात्रभर हालचाल नसल्यामुळे सांधे सकाळी आखडलेले असतात. काही मुलांचे अर्ध्या तासात मोकळे होतात, आजार भरात असेल तर काहींना दोन तासही लागतात. रांगोळी संध्याकाळी निघाली, व्यायाम सकाळी साडेसहाला सांगितला जातो. रांगोळी तिने निवडली, व्यायाम तिला नेमून दिला. रांगोळी पुरी झालेली दिसते आणि शेजारणी थांबून बघतात. पाय २० वेळा वर उचलला तरी २१ व्या वेळी तो तेवढाच जड असतो. ही दोन कामे एका तराजूत घालून मुलीची जिद्द तोलता येत नाही.

आता प्रश्नावलीकडे येते. तुम्ही पत्रात उतरवून पाठवलेल्या विधानांवरून ती ‘डायमेन्शन्स ऑफ मास्टरी क्वेश्चनेअर’ असावी. तिच्यामागचा विचार जुना आहे. रॉबर्ट व्हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये असे मांडले की भूक, तहान किंवा बक्षीस यांपलीकडे माणसाला भोवतालच्या गोष्टींवर आपला परिणाम घडवून आणण्याची, त्या स्वतःला जमवण्याची एक मूळची ओढ असते. मूल वाटीवर चमचा आपटत राहते ते याच ओढीने. पुढे जॉर्ज मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ओढ मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि ती अनेकदा सुधारली. शाळकरी मुलांसाठीच्या अलीकडच्या आवृत्तीत ४१ विधाने आहेत आणि ‘या मुलाला अजिबात लागू नाही’ पासून ‘अगदी तंतोतंत लागू’ पर्यंत १ ते ५ गुण द्यायचे असतात.

या प्रश्नावलीचे विभाग मला आपल्या भाषेतल्या शब्दांनी समजून घ्यायला आवडतात. ‘प्रेरणा’ हा शब्द पुस्तकी आहे. घरात आपण जिद्द म्हणतो, चिकाटी म्हणतो, हौस, हुरूप, उमेद म्हणतो, आणि या पाचांचा अर्थ एक नाही हे कोणालाही शिकवावे लागत नाही. प्रश्नावलीही तेच करते. डोके लावण्याच्या कामातली चिकाटी वेगळी मोजली जाते, अंग हलवण्याच्या कामातली वेगळी, मोठ्यांशी नाते जोडण्यातली वेगळी आणि बरोबरीच्या मुलांमध्ये मिसळण्यातली वेगळी. काम जमल्यावर होणारा आनंद हा आणखी एक विभाग. न जमल्यावर येणारा राग, रडू किंवा लाज हा त्यापुढचा, आणि कामे प्रत्यक्षात कितपत जमतात हा शेवटचा. आता या सगळ्यांची मिळून ५ पैकी २.४ अशी एकच सरासरी काढली तर काय होते पाहा. धावणे, चेंडू फेकणे, उड्या मारणे यांतली चिकाटी विचारणाऱ्या विधानांना तुम्ही १ आणि २ दिले असणार, कारण सुजलेल्या गुडघ्याची मुलगी धावत नाही. न जमल्यावर चिडण्याचे गुण जास्त असणे आणि चिकाटीचे गुण जास्त असणे यांचे अर्थ तर अगदी वेगळे आहेत. या सगळ्याची एकत्र खिचडी करून निघालेला आकडा तुमच्या मुलीबद्दल फारसे काही सांगत नाही. फिजिओथेरपिस्टकडून विभागवार गुण मागून घ्या. डोके लावण्याच्या आणि माणसांत मिसळण्याच्या विभागांत गुण चांगले आणि फक्त अंगमेहनतीच्या विभागात कमी असतील, तर आपण तिथे ओढीपेक्षा सांधेच अधिक मोजले, असे मी म्हणेन.

तिघींपैकी खरा आकडा कोणाचा, असे तुम्ही विचारता. तिघींचाही खरा असू शकतो, कारण तिघींनी वेगवेगळ्या वेळची मुलगी पाहिली आहे. तुमच्या वाट्याला सकाळची घाई, व्यायामाचा वाद आणि इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशीचा, रविवारचा निरुत्साह येतो. शिक्षिकेला ती ११ वाजल्यानंतर दिसते, तोवर सांधे मोकळे झालेले असतात. आणि मुलीला ते प्रयत्नही माहीत असतात जे तुम्हा दोघींपैकी कोणाला दिसत नाहीत. त्यात भाषेचा घोळ आहेच. प्रश्नावली इंग्रजीत होती आणि फिजिओथेरपिस्टने तोंडी मराठी करून सांगितली, असे तुम्ही लिहिता. ‘न जमले तरी पुन्हापुन्हा करत राहते’ हे विधान ऐकून तुम्हाला तिचा हट्ट आठवला आणि तुम्ही कमी गुण दिले. चिकाटी आणि हट्ट यांच्यामध्ये आपल्याकडे फार पातळ भिंत आहे: मोठ्यांना पसंत असलेल्या कामात मूल चिकटून राहिले की ती चिकाटी, नापसंत कामात चिकटून राहिले की तो हट्ट. पुढच्या वेळी प्रत्येक विधानाचे मराठी शांतपणे ठरवून, एक-एक उदाहरण आठवून मगच गुण द्या. मुलीची प्रत संध्याकाळी, तिच्या सोयीने भरून घ्यावी आणि त्या वेळी तुम्ही खोलीत नसावे, हे बरे.

प्रेरणा मोजणाऱ्या अभ्यासकांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. काम अगदी सोपे असेल तर मूल ते चटकन संपवते, अगदी अवघड असेल तर सोडून देते, आणि दोन्ही वेळा त्याच्या चिकाटीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून लहान मुलांची प्रत्यक्ष चाचणी घेताना आधी त्या-त्या मुलाला थोडे जमणारे, थोडे न जमणारे काम शोधतात आणि मग मूल त्यात किती वेळ टिकते ते पाहतात. संधिवात असलेल्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. गणवेशाचे बटण लावणे हे त्याच मुलीला सकाळी सातला अवघड असते, अकराला मध्यम आणि संध्याकाळी पाचला सोपे. काम तेच, बोटे तीच, पण अवघडपणा दिवसातून तीन वेळा बदलतो. सातच्या बटणावरून काढलेला निष्कर्ष पाचच्या मुलीला लागू होत नाही.

हे मी चूक करून शिकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयात काम करताना सकाळी आठच्या वेळेला आलेल्या एका मुलाच्या अहवालात मी ‘प्रयत्न करण्याची तयारी कमी’ असे लिहिले. त्याने माझ्यासमोर ठोकळ्यांचे कोडे दोन मिनिटांत बाजूला सारले होते. त्याच दिवशी दुपारी संधिवाततज्ज्ञांनी तपासले तेव्हा त्याच्या बोटांच्या पाच सांध्यांत सूज निघाली. मी त्याला ‘दुखतं का’ असे विचारलेच नव्हते, आणि लांबच्या प्रवासाने आलेल्या त्या मुलाने आपणहून सांगितले नव्हते. अहवाल बदलला, पण वडिलांनी ते वाक्य वाचलेले होते. तेव्हापासून सांध्यांची तपासणी होण्याआधी मी एकाही मुलाची प्रेरणा मोजत नाही.

याउलट अलीकडचा एक प्रसंग सांगते. तुमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी समोर बसली होती आणि आई मला सांगत होती की ही काहीच मनावर घेत नाही. तेवढ्यात मुलीला कंपासपेटी उघडायची होती. अंगठ्याने झाकण उचलले जाईना. मग तिने पेटी पोटाशी दाबून दोन्ही तळव्यांनी प्रयत्न केला. तेही जमेना, तेव्हा पट्टीचे टोक फटीत घालून झाकण वर ढकलले आणि पेटी उघडली. या सगळ्याला दीड मिनिट लागले असेल. तिने तीन वेगवेगळ्या युक्त्या केल्या, मदत मागितली नाही, आणि पेटी उघडल्यावर ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आले. प्रश्नावलीतले दोन विभाग, चिकाटी आणि जमल्याचा आनंद, माझ्यासमोर घडून गेले होते. आईचे बोलणे चालूच होते. तिचे तिकडे लक्ष नव्हते, आणि त्यात तिचाही दोष नव्हता, कारण ती तीन वर्षे फक्त व्यायामाकडेच पाहत आली होती.

डॉक्टर ‘चाक’ (‘चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’चे लघुरूप) नावाची एक प्रश्नावली वापरतात, तुम्ही ती भरलीही असेल. कपडे घालणे, उठणे, जेवणे, चालणे, अंगाची स्वच्छता, वरची वस्तू काढणे, पकड आणि इतर कामे अशा आठ विभागांत मूल किती अडते, हे ० ते ३ या पट्टीवर त्यात नोंदवतात. ती विचारते, मूल काय करू शकते. प्रेरणेची प्रश्नावली विचारते, मूल काय करू पाहते. या दोन्ही एकाच आठवड्यात भरल्या आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तरच त्यांचा उपयोग आहे. जिथे ‘शकते’ आहे आणि ‘पाहते’ नाही, तिथे थांबून विचार करावा. जिथे ‘शकत’च नाही, तिथे ‘पाहत नाही’ म्हणणे हा अन्याय आहे.

आणि ‘शकते’ असतानाही ‘पाहत नाही’ असे दिसले, तरी आधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. पहिली, आजार सध्या किती भरात आहे. डॉक्टर सुजलेल्या सांध्यांची संख्या, स्वतःचा अंदाज, घरच्यांचा अंदाज आणि रक्तातला ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, यांवरून आजाराचा एक गुणांक काढतात. तुमच्या मुलीने प्रश्नावली भरली त्या दिवशी तो किती होता, हे कागदावर लिहून घ्या. दुसरी, थकवा. वेदनेने रात्री झोप मोडत असेल किंवा रक्त कमी असेल तर दिवसा जो थकवा येतो, तो बाहेरून आळसासारखाच दिसतो. तिसरी गोष्ट डोळ्यांची. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांच्या आत दाह होतो आणि डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, मूल मात्र वाचायला टाळाटाळ करू लागते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, करायची तपासणी ठरलेल्या तारखांना चुकवू नका.

रविवारबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकले आहे: ‘रविवारी तर ती काहीच करत नाही.’ इंजेक्शन शनिवारी असते. मेथोट्रेक्सेटने पुष्कळ मुलांना मळमळते आणि काही महिन्यांनी ही मळमळ औषधाच्याही आधी सुरू होते. शनिवार उजाडला, सुईची पिशवी दिसली, त्या औषधाचा पिवळा रंग दिसला, की पोटात ढवळू लागते. काही मुलांना मग हळदीच्या दुधाचा, पिवळ्या सरबताचाही तिटकारा येतो. नेदरलँडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजण्यासाठी १२ प्रश्नांचे एक मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात पोटदुखी, मळमळ आणि उलटीबरोबरच औषधाच्या आधीची मळमळ, औषधाच्या नुसत्या विचाराने येणारी मळमळ, रडणे, चिडणे आणि औषध नाकारणे यांचेही गुण धरले आहेत. त्यांच्या पाहणीत औषध घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या मुलांना हा त्रास होता. म्हणजे शनिवार-रविवारची तुमची मुलगी नाखूश नसून चक्क आजारी असण्याची शक्यता मोठी आहे. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. फॉलिक ॲसिड, मळमळीचे औषध, इंजेक्शनची वेळ, असे बरेच काही त्यांना बदलून पाहता येते. औषध स्वतःहून कमी करू नका किंवा थांबवू नका, कारण सांधे वाचवण्याचे मुख्य काम तेच करते आहे. आणि रविवारच्या वागण्यावरून तिला कसलेच गुण देऊ नका.

एक शक्यता राहते, मन खचण्याची. तिची परीक्षा मी अशी करते: ज्या गोष्टींना सांधे लागत नाहीत, त्यांची तरी आवड टिकून आहे का? गोष्ट ऐकणे, मैत्रिणीशी बोलणे, आवडते गाणे, भावाची थट्टा. दुखत असलेले मूल यांत रमते, थकलेलेही थोडे रमते. पण ज्याला यांतही गोडी उरलेली नाही, झोप आणि भूक बदलली आहे, आणि असे दोन आठवडे चालले आहे, त्याला प्रश्नावलीपेक्षा बालमानसतज्ज्ञांची गरज असते. रांगोळी काढणाऱ्या मुलीबद्दल मला ही भीती कमी वाटते, तरी तुम्ही लक्ष ठेवा.

आता व्यायामाकडे वळू. सकाळी व्यायाम केला की बरोबरची खूण, नाही केला की चुकीची, असा तक्ता तुम्ही कपाटावर लावला आहे आणि खूण असेल त्या दिवशी अर्धा तास मोबाइल मिळतो. हा तक्ता आज्ञाधारकपणा मोजतो. तो वाईट गुण आहे असे मी म्हणत नाही, पण ती प्रेरणा नाही, आणि मोठी झाल्यावर तिला हा आजार स्वतः सांभाळावा लागेल तेव्हा सांगणारे कोणी जवळ असेलच असे नाही. बक्षिसाबद्दल १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना ‘चित्र काढलेत तर बक्षीस’ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ वळली. आवडीच्या कामावर बक्षीस लावले की आवड उणावते. व्यायाम मुळातच आवडीचा नसल्याने तिथे लहानसे बक्षीस विष ठरत नाही. पण रांगोळीला, चित्रांना, वाचनाला मोबाइलच्या अर्ध्या तासाशी कधीही बांधू नका. ती तिची स्वतःची मिळकत आहे.

प्रेरणेचा प्रकार ओळखायचा असेल तर ‘तू व्यायाम का करतेस’ हा प्रश्न तिला विचारावा, आणि तो तिच्या मावशीने किंवा फिजिओथेरपिस्टने विचारला तर उत्तर खरे येईल. ‘आई ओरडते म्हणून’, ‘नाही केला तर मलाच वाईट वाटतं म्हणून’, ‘गुडघा सरळ झाला तर लेझीममध्ये उभी राहीन म्हणून’ आणि ‘गाणं लावलं की मजा येते म्हणून’ ही चार उत्तरे चार पायऱ्यांची आहेत. मूल पहिल्यावरून तिसऱ्या पायरीवर आले तरी फार झाले. चौथी पायरी व्यायामात क्वचितच येते आणि तिची सक्तीही नको. याच भेटीत आणखी दोन प्रश्न विचारता येतात. व्यायाम तुला किती महत्त्वाचा वाटतो, ० ते १० मध्ये सांग; आणि तो तुला जमेल असा भरवसा किती, तेही सांग. तिने भरवशाला चार गुण दिले तर ‘इतके कमी का’ असे विचारू नये, ‘चार दिलेस, एक का नाही दिलास?’ असे विचारावे. मग ती स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू सांगते. अनेक मुलांमध्ये महत्त्व आठ आणि भरवसा तीन असे निघते, आणि तिथे व्याख्यानाचा काही उपयोग नसतो. व्यायाम कमी करून, वेळ बदलून तो तिच्या आवाक्यात आणावा लागतो. सकाळी फक्त गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हलके हातपाय मोकळे करणे आणि खरा व्यायाम संध्याकाळी, असे चालेल का, हे फिजिओथेरपिस्टला विचारा. रोजची कामे सोपी करून देणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट उपलब्ध असेल तर रांगोळीलाच हाताच्या व्यायामात घेता येईल का, तेही विचारा. टेबलावर पाट ठेवून उभ्याने किंवा खुर्चीवर बसून काढली तर गुडघे वाचतात.

पुढच्या फेरीपर्यंत एक वही ठेवा, सुरुवातीला १४ दिवसांची. सकाळी उठल्यापासून मुठी पूर्ण मिटायला किती मिनिटे लागली, दुखणे ० ते १० मध्ये किती, रात्री झोप कशी, एवढे आधी लिहा. त्यापुढे, आज तिने कोणी न सांगता काय सुरू केले, काय अर्धवट सोडले, आणि सोडलेल्या कामाकडे ती परत वळली का. या शेवटच्या नोंदीला मी सर्वांत जास्त किंमत देते. दुखणारे मूल काम सोडणारच. चिकाटी असलेले मूल दुखणे ओसरले की पुन्हा तिथे येऊन बसते. दोन आठवड्यांची ही वही ४१ विधानांच्या प्रश्नावलीशेजारी ठेवली की फिजिओथेरपिस्टला तुमची मुलगी दिसेल, आणि पुढचे मोजमाप तिच्याच मागच्या मोजमापाशी ताडून पाहता येईल, दुसऱ्या निरोगी मुलांशी नाही.

सासूबाईंवर रागावू नका. संधिवात म्हातारपणी होतो, अशीच त्यांची आणि त्यांच्या पिढीची समजूत आहे. वस्तुतः लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातील जॉर्ज स्टिल या डॉक्टरने १८९७ मध्ये २२ मुलांच्या नोंदी देऊन मुलांचा सांध्यांचा आजार वर्णन केला, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. एखाद्या सकाळी त्यांनाच नातीची मूठ मिटायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहायला सांगा. ज्यांचे स्वतःचे गुडघे सकाळी धरतात, त्यांना हे माझ्या पत्रापेक्षा लवकर पटेल.

आकडे तिला दाखवावेत का? २.४ दाखवू नका. ‘आईने मला पाचपैकी अडीचही दिले नाहीत’ एवढेच तिच्या लक्षात राहील, आणि तो आकडा तिचा नसून तुमच्या सकाळच्या घाईचा आहे. तिने स्वतःला दिलेल्या ३.९ बद्दल मात्र बोला. कोणत्या विधानाला तिने ५ दिले आणि तेव्हा तिच्या मनात कोणता प्रसंग होता, ते विचारा. तुम्हाला ठाऊक नसलेल्या दोन-तीन गोष्टी त्यातून नक्की कळतील. वही दाखवायला हरकत नाही, किंबहुना तिचा शेवटचा रकाना तिनेच भरावा. मनगट सुजले असेल त्या दिवशी तिने सांगावे आणि तुम्ही तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.